चरणाऱ्या गळ्यातली घंटा

एकदा एक गवळी आपल्या गुरूचा निरोप घ्यायला गेला, आणि गुरूने आशीर्वाद देण्याऐवजी त्याच्या हातात गाईच्या गळ्यातली घंटा ठेवली.

हा गुरू काही आश्रमातला पंडित नव्हता. डोंगरमाथ्यावरच्या कुरणाच्या कडेला एकट्याने राहणारा तो एक म्हातारा गवळी होता. धार कशी काढावी, कोणते गवत कोणत्या महिन्यात राखावे, आजारी गाय कळपात कशी ओळखावी, हे सारे शिष्य त्याच्याचकडून शिकला होता. आपली पत्नी वारली त्या वर्षी म्हाताऱ्याने कळप शिष्याच्या हवाली केला. कळपाची म्होरकी गाय खैरी आणि तिच्या गळ्यातली शिवणीच्या लाकडाची घंटाही त्यातच गेली. ती घंटा म्हाताऱ्याने स्वतः कोरली होती.

पुढे नगराच्या महाजनांच्या मनात आले की हे कुरण कुंपण घालून घोडदळासाठी राखावे. सभेत बोलायला कोणी धजेना. तेव्हा हा शिष्य उभा राहिला आणि असा बोलला, की कारभाऱ्यांनीही माना वर केल्या. कुरण गेले तर गुरे जातील, गुरे गेली तर खत जाईल आणि खत गेले तर खालच्या गावांतली शेते उपाशी राहतील, असे त्याने साध्या शब्दांत पटवले. निर्णय लांबणीवर पडला. तेव्हापासून जिथे जिथे गुराढोरांचा आणि शेतीचा प्रश्न निघे, तिथे तिथे त्याला बोलावणे येऊ लागले.

त्याचे बोलणे वाढत गेले आणि घरातले वावरणे कमी होत गेले. गोठा पत्नी सांभाळी, गाई शेजारच्यांच्या गुरांबरोबर चरायला जात. एकदा बऱ्याच दिवसांनी तो घरी आला, तेव्हा पत्नीने त्याला पाहुण्यांसाठी राखलेल्या घासलेल्या तांब्यातून पाणी दिले. तो हसला, ती हसली नाही. संध्याकाळी तो हौसेने कासंडी घेऊन खैरीच्या धारेला बसला. खैरीने पान्हा चोरला. त्याने थोपटले, चुचकारले, पुन्हा वासरू लावून पाहिले, पण कासंडीत दूध पडेना.

"सभेत एवढी माणसं वळवता," पत्नी दारातून म्हणाली, "तिच्यापुढंही दोन शब्द बोलून बघा."

टोमणा त्याला लागला. पण ती चुकीचे बोलत होती असेही त्याला वाटेना, आणि आपण चूक करतो आहोत असेही वाटेना. कुरण वाचले नाही तर गोठा तरी कुठून राहणार? कुरणाचा निकाल लावणारी शेवटची सभा जवळ आली होती. अशात नगरातल्या एका तुपाच्या व्यापाऱ्याने त्याच्यापुढे सोयीचा मार्ग ठेवला. गाई माझ्याकडे सोपव, बायकोला घेऊन माझ्या माडीवर राहायला ये आणि निश्चिंतपणे सर्वांसाठी बोलत राहा, असे तो म्हणाला. पत्नीने ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, की आधी बाबांना, म्हणजे त्याच्या गुरूला, विचारा.

म्हणून तो गुरूला विचारायला आणि त्याचा निरोप घ्यायला गेला होता. गुरूने सगळे ऐकले. मग खैरीच्या गळ्यातली घंटा सोडून आणायला सांगितली आणि ती त्याच्याच हातात परत दिली.

"उद्या गाई सुटल्या की ओढ्याकाठच्या मोठ्या खडकावर जाऊन बस," तो म्हणाला. "ही वाजवत राहा. कळप तुझ्याजवळ आला की मग व्यापाऱ्याचं बोलू."

शिष्याला हे कोडे सोपे वाटले. याच घंटेमागे कळप दाट धुक्यातही बिनचूक चालत असे. ओढ्याकाठ तर कुरणाचा सर्वांत गोड भाग. सभेतही तो नेहमी त्याचेच वर्णन करी.

दुसऱ्या दिवशी तो खडकावर बसला. डोंगरावर धुके होते. त्याने घंटा वाजवली तशा धुक्यातून गाईंच्या माना वर झाल्या. काही गाई चार पावले पुढे आल्या, थबकल्या, कान टवकारून उभ्या राहिल्या आणि मागे फिरल्या. त्याने चिडून आणखी जोराने वाजवली. धुके विरले तेव्हा त्याला दिसले, की सारा कळप वरच्या उतारावर बिनघंटेच्या खैरीभोवती संथपणे चरतो आहे. दुपारपर्यंत तर घंटेच्या आवाजाला एकाही गाईचा कान हलेना.

त्याचा राग केव्हाच ओसरला होता. राहिले होते ते नवल. घंटा तीच, आवाज तोच, मग या मुक्या जनावरांना फरक कळला कसा? त्याने हळू वाजवून पाहिली, लयीत वाजवून पाहिली, चालत चालत वाजवून पाहिली. शेवटी हात भरून आला, तेव्हा तो नुसता बसून राहिला.

म्हातारा काठी टेकत आला आणि शेजारी बसला.

"आल्या नाहीत," शिष्य म्हणाला. "बाबा, यांना कळलं कसं?"

"खैरीच्या गळ्यात ती कशी वाजते, आठवतंय?"

शिष्याने डोळे मिटले. खैरी मान खाली घाली, तेव्हा एक ठोका पडे. मग गवताचा घास तुटेपर्यंत शांतता. मग एक पाऊल आणि दोन हलके ठोके. चांगले गवत लागले की घंटा बराच वेळ जागच्या जागी वाजत राही. त्याने डोळे उघडले.

गुरू म्हणाला, "बाळा, गाई घंटेमागं जात नाहीत. घंटेतून त्यांना चरणं ऐकू येतं, त्याच्यामागं जातात. मान गवतापर्यंत वाकते म्हणून घंटा वाजते. तू आज नुसती घंटा वाजवलीस. पहिल्यांदा त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, चार पावलं आल्यासुद्धा. इथं चरणं नाही हे कळल्यावर मात्र तू कितीही जोरानं वाजवलीस तरी त्यांना त्याचं काय?"

"म्हणजे मी सभेत जाणं सोडू? मग बोलणार कोण?"

"घंटा टाकून दे असं मी कधी म्हणालो? धुक्यात घंटा नसली तर अर्धा कळप कड्यावरून खाली जाईल. मी एवढंच म्हणतो, ती परत खैरीच्या गळ्यात बांध." मग त्याने शिष्याच्या धोतराकडे बोट दाखवले. "आणि हे बघ जरा."

धोतर गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरले होते. शिष्याने प्रथमच सभोवार नीट पाहिले. पुराने ओढ्याकाठावर वाळू पसरली होती आणि तीवर कुसळी गवत माजले होते. त्याची कुसळे गुरांच्या तोंडात रुततात. गाई घंटेमागे आल्या असत्या तरी इथे त्यांना घासभर खाणे मिळाले नसते. याच काठाची गोडी तो अजून सभेत गात होता, आणि शेवटच्या सभेत हाच काठ मागून घेणार होता.

तो कुसळे उपटू लागला. म्हाताराही वाकून उपटू लागला. उपटता उपटता म्हातारा म्हणाला, "आणखी एक आहे. मी कळप घेऊन उतरायचो, तेव्हा ही घंटा खाली माझ्या तेव्हाच्या घरापर्यंत ऐकू जायची. ती ऐकून तुझी गुरुमाय तव्यावर भाकरी टाकायची. मी दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. आता घंटा वाजते, पण माझ्यासाठी ती ऐकणारं कोणी नाही. तुझं ऐकणारं माणूस घरात आहे. त्याला नगरातल्या माडीवरून काय ऐकू येणार?"

शिष्याने घंटा परत खैरीच्या गळ्यात बांधली, व्यापाऱ्याला नकार कळवला आणि सभेच्या दिवसापर्यंत तो रोज गाईंमागे गेला. खैरीने त्याला ओळख द्यायला बराच वेळ घेतला. तिने पान्हा सोडला, तेव्हा पत्नीने भरलेली कासंडी त्याच्या हातून घेतली.

सभेच्या दिवशी म्हातारा म्हणाला, की आज गाई मी नेतो. शिष्य सकाळच्या धारा उरकून निघाला. महाजन त्या दिवशी उदार झाले होते. निम्मे कुरण तुमचे, ते म्हणाले, आणि तू नेहमी वाखाणतोस तो ओढ्याकाठच घे. सारे गवळी आशेने त्याच्याकडे पाहू लागले. त्याने कमरेची पुरचुंडी सोडली आणि मूठभर कुसळे कारभाऱ्यांपुढे ठेवली. मी सांगत होतो तो काठ आता राहिलेला नाही, हे मलाही उशिरा कळले, असे तो म्हणाला. आम्हाला वरचा उतार द्या. काठावर आज घोडे सोडलेत तर त्यांची तोंडे सोलतील. कुसळी बी धरण्याआधी कापत गेलो तर तो पुन्हा सुधारेल, आणि ते काम आम्ही करू. सभेला आलेल्या घोड्यांच्या वैद्याने एक कुसळ बोटावर घासून पाहिले आणि मान डोलावली.

सगळे कुरण काही मिळाले नाही. वरचा उतार मिळाला, आणि काठ सुधारेपर्यंत कुंपण घालायचे नाही असे ठरले.

दिवस मावळताना तो घरी पोहोचला. पत्नीने त्याला रोजच्या तांब्यातून पाणी दिले. तो सभेचे सांगू लागला, तोच तिने हात वर करून त्याला गप्प केले आणि कान दिला. डोंगरावरून घंटा उतरत होती. पत्नी चुलीपाशी गेली आणि तिने परातीत आणखी एका भाकरीचे पीठ घेतले.

म्हातारा गाई बांधून आपल्या झोपडीकडे वळणार, तोच तिने हाक मारली. "बाबा, जेवून जा. भाकरी तव्यावर आहे."

"मी येतोय हे तुला कसं गं कळलं?"

"घंटा ऐकली."

म्हातारा थोडा वेळ खैरीच्या गळ्यावर हात ठेवून उभा राहिला. मग पाय धुऊन आत आला आणि ताटावर बसला. भाकरी फुगली होती.