भवानीचं गिऱ्हाईक

गल्ल्यांना बोलता यायचं, त्या काळातली ही गोष्ट. गेनूशेठच्या किराणा दुकानात एक लाकडी गल्ला होता. सकाळचा पहिला पैसा, म्हणजे भवानी, शेठ आधी त्याला लावायचा, मग कपाळाला. भवानीचं गिऱ्हाईक तिथून कधी रिकाम्या हाती गेलं नाही.

पुढं मोबाईलवरून पैसे आले की मोठ्यानं सांगणारा डबा आला, आणि शेठनं रोख घेणंच सोडलं.

एकदा दुकान उघडताच ठकूबाई आली. "शेठ, म्हाताऱ्याला जुलाब लागलेत. साखर-मिठाचं पाणी पाजायचंय. दहाची साखर दे बाबा."

"मोबाईल आणलाय का, मावशी?"

"मोबाईल कुठला रे? हे नाणं आहे. खोटं नाही, बघ वाजवून."

"खोटं नाही गं. पण रोख बंद केलंय."

ठकूबाई वळली. गल्ला कासावीस झाला. "अरे डब्या, भवानीचं गिऱ्हाईक चाललं! शेठला सांग की. माझं तो आता ऐकत नाही, तुझा आवाज सगळ्या पेठेला जातो."

"कळतंय मला, आजोबा," डबा हळूच म्हणाला. "पण पैसे जमा झाल्याशिवाय मला माणसांशी बोलताच येत नाही."

दोघं बघत राहिले. म्हातारी चढावर दोनदा टेकली, मग दिसेनाशी झाली.