टकटकणारी मोटार आणि महाराजांचा पट्टा

"आमच्या मोटारीत तांबट आळी बसवलीय का रे?" निंबगडचे महाराज कडाडले.

शेजारच्या संस्थानिकांनी काल भर मेजवानीत हेच विचारलं होतं, आणि सगळे सरदार तोंडाला रुमाल लावून हसले होते! मोटार नवी कोरी, विलायतेहून आलेली. पण सुरू झाली की झाकणाखालून टक् टक् टक् टक्!

ड्रायव्हर गैबी मणेर चाचरत म्हणाला, "सरकार, झडपांचा आवाज तो. खालची खुंटी वर उसळते अन् झडपेच्या दांड्याला टोला देते. मधी फट आहे, म्हणून वाजतं."

"मग बुजव! सगळ्या फटी बुजव!"

गैबीने बुजवल्या. मोटार मांजरासारखी गुपचूप निघाली. पण इंजिन तापलं, आणि देवीच्या घाटीत ती खोकली, शिंकली आणि ठप्प झाली! महाराजांना उरलेली घाटी पायी चढावी लागली, तीही नव्या बुटांत.

"उद्या दुपारी पाहुणे पुन्हा जेवायला आहेत," महाराज धापा टाकत ओरडले. "आवाज नको, फट नको, आणि मोटार घाटी चढली पाहिजे! नाहीतर मोटारीला तुलाच जुंपीन!"

गैबीची बायको बानू राजवाड्यात बांगड्या भरायची. सकाळी ती लाटणं घेऊन मोटारीपाशी आली.

"आधी फटी होत्या तशा करा, अन् चालू करा," ती म्हणाली. लाटण्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला! "ही गरीब आहे... ही पण शहाणी... अगं बाई, ही तिसरी! हीच भांडखोर!"

तिने बांगड्यांची बेगड त्या फटीत सरकवली. टकटक गायब!

"हिचीच फट फार झालीय. हिला आवरा, बाकीच्यांना कागदाएवढी जागा ठेवा."

गैबीने इंजिन गरम करून नट आवळला. मोटार झपाट्याने घाटी चढली! राहिली ती खिशातल्या घड्याळासारखी बारीक टिकटिक.

पण महाराज हट्टी! "ही तरी का? फट नको म्हणजे नको!"

"आत्ता बुजवते, सरकार," बानू म्हणाली. "फक्त एक अर्ज. कमरपट्टा पार आवळा, बोटसुद्धा जाऊ नये असा, अन् जेवायला बसा. आपण उठेपर्यंत फट नाहीशी!"

"एवढंच?" महाराजांनी पट्टा खेचला.

पाहुणे आले, पंगत बसली. बासुंदीच्या पहिल्या वाटीला महाराज लाल झाले. दुसरीला डोळे बाहेर आले. तिसरी समोर आली आणि ते किंचाळले, "पट्टा! अरे, कुणीतरी पट्टा सोडा!"

दाराआडून बानू म्हणाली, "सरकार, घाटीत झडप हेच ओरडत होती! तापली की तिचा दांडा फुगून लांबतो. जागा नसली तर तिला मिटता येत नाही, मग इंजिनाचा दम जातो. बोला, बुजवू का फट?"

मग महाराज असे खदाखदा हसले की बासुंदी पाहुण्यांच्या फेट्यावर उडाली!

"नको गं बाई, नको! तिची फट तिला राहू दे, आणि माझी मला!"

त्यांनी सोन्याच्या बकलाचा तो पट्टा काढला आणि बानूच्या हाती ठेवला. "हा तूच ने! माझी तिसरी वाटी अजून राहिलीय!"