हैबतीची काठजोड

हिवरतळ गावात हैबती नावाचा एक भोळा बुरूड राहायचा. टोपल्या चांगल्या विणायचा. सुपं त्याहून चांगली. डोक्यात मात्र त्याच्या एका वेळी एकच गोष्ट मावायची, आणि ती आत गेली की दुसरी येईपर्यंत ठाण मांडून बसायची.

बायको त्याला मिळाली ठकू. ठकू हुशार. तिच्या माहेरी सगळे काठजोड खेळायचे, आणि ती सगळ्यांना हरवून सासरी आली होती.

काठजोड हा तिकडच्या बुरुडांचा खेळ. बांबूच्या बारीक पट्ट्यांचा एक पट विणायचा. त्याला सहाकोनी डोळे असतात, मधाच्या पोळ्याला असतात तसे. पटाला काठ चार. समोरासमोरचे दोन एकाचे, उरलेले दोन दुसऱ्याचे. एकाने कवड्या घ्यायच्या, दुसऱ्याने चिंचोके, आणि पाळीपाळीने एकेक डोळ्यात ठेवायचा. ज्याची रांग न तुटता त्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठाला पोचली, तो जिंकला. यात बरोबरी होतच नाही. एकाची रांग लागली म्हणजे दुसऱ्याची तुटलेलीच असते.

हिवरतळ आणि पलीकडचं बेलखोरी, या दोन गावांच्या मधून ओढा जातो. ओढ्याच्या काठी बांबूचं मोठं बेट. या बेटावरून पूर्वी डोकी फुटायची. मग जुन्या लोकांनी ठरवलं, दर वर्षी एक काठजोड खेळायची. जे गाव जिंकेल त्याने वर्षभर बेट तोडायचं. हरेल त्याने तीन कोसांवरच्या रानातून बांबू डोक्यावर आणायचा.

हिवरतळ अकरा वर्षं डोक्यावर आणत होतं. कारण बेलखोरीकडे सटवाजी होता. सटवाजी कधी हरायचा नाही.

बाराव्या वर्षी रंगराव पाटील म्हणाले, "अकरा शहाणे हरले. यंदा देवावर सोडू." घराघराच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. एक काढली. पाटलांनी ती वाचली आणि उलटी करून बघितली. मागे काही नव्हतं.

"हैबती," ते म्हणाले.

"जी. काय करू पाटील?"

"जिंक."

"बरं," हैबती म्हणाला.

सामन्याला आठ दिवस होते. खरं तर खेळायला हवं होतं ठकूने, पण पटावर घरच्या पुरुषाने बसायची रीत. ठकूने घरात पट मांडला. बांबूचे भारे वाहून तिच्या टाळूवरचे केस पार विरळ झाले होते. हैबतीने ते बघितलं. त्याला वाईट वाटलं. तो मांडी घालून पटासमोर बसला आणि म्हणाला, "सांग. तू सांगशील तसं करतो."

"अहो, पहिली गोष्ट. कडेला जाऊ नका. मध्य धरा. मध्यावर बसलेल्याचा हात चारी बाजूंना पोचतो."

"मध्य धरायचा," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सगळे बुरूड झाडाखाली कडेला बसले. हैबतीने टोपल्या चौकाच्या बरोबर मध्यावर मांडल्या. चारी रस्त्यांनी गाड्या आल्या आणि थांबल्या. गाडीवान ओरडले. हैबतीने दोन्ही हात पसरून दाखवले.

"बाजूला हो की!"

"कडेला जायचं नाही."

एका बैलाने सूप खाल्लं. दुसरा टोपलीवर बसला. संध्याकाळी हैबती रिकाम्या हातांनी घरी आला.

"अहो, ते पटावर!" ठकू म्हणाली. "बाजारात नव्हे!"

"पटावर," हैबती म्हणाला. "आधी सांगायचंस."

ठकूने दुसरी गोष्ट सांगितली. "समोरच्याला अडवायचं तर अगदी अंगाला भिडून अडवू नका. तो बगलेतून निसटतो. चार डोळे सोडून, लांबून अडवा."

सकाळी शेजारच्या तानीकाकूंची म्हैस सुटली आणि त्यांच्याच मेथीच्या वाफ्यात शिरली. काकूंचा पाय मुरगळलेला. त्या ओट्यावरून ओरडल्या, "हैबती, अडव रे तिला!"

हैबती धावत सुटला. म्हशीच्या बाजूने गेला. तिच्या पुढे गेला. चार शेतं ओलांडून गेला, आणि तिथे बांधावर हात पसरून उभा राहिला. म्हशीने मेथी संपवली. मग कोथिंबीर संपवली. मग ती वांग्यांकडे वळली. हैबती दुपारपर्यंत तिथून हलला नाही.

"म्हैस आली नाही," तो घरी येऊन म्हणाला. "पक्की अडवली."

ठकूने कपाळाला हात लावला. "अहो, ते पटावर हो!"

त्या दिवशी ती तानीकाकूंचे पाय चेपून आली आणि मगच तिसरी गोष्ट सांगायला बसली. "दोन कवड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका. मध्ये दोन वाटा मोकळ्या ठेवा. त्याने एक बुजवली की आपण दुसरीने जायचं. दोन वाटा असल्या की कुणाच्या बापाला आपल्याला अडवता येत नाही."

"दोन वाटा," हैबती म्हणाला. या गोष्टीचा त्याला फार आनंद झाला. ती त्याला समजली होती.

त्याच आठवड्यात त्याला पाटलांची कणगी विणून द्यायची होती. पुरुषभर उंचीची, वर्षाचं भात मावेल अशी. हैबतीने मन लावून विणली. इतकी सुंदर की पाटील स्वतः बघायला आले. गड्यांनी पाच पोती भात वरून ओतलं. खालून दोन बाजूंनी ते अंगणात आलं. कोंबड्या धावल्या.

पाटील वाकले. त्यांनी एका भोकाला हात लावून धरला. भात दुसऱ्यातून जोरात यायला लागलं.

"बघा," हैबती म्हणाला. "एक अडवलीत तरी दुसरी आहेच."

पाटील दुसऱ्या हाताने दुसरं भोक धरून बसले. मग म्हणाले, "हैबती, हा खेळ तुला येतोय का रे?"

"येतोय, पाटील."

"मग झालं," पाटील म्हणाले.

ठकूचं मन मात्र खचत चाललं होतं. एक गोष्ट चमत्कारिक होती. पटावर बसला की हैबती बरा खेळायचा. कधीकधी तर तिलाच विचार करावा लागायचा. उठला की घोटाळा. ती म्हणाली, "आता चौथी गोष्ट. ही सगळ्यात मोठी. समोरच्याला जी जागा सगळ्यात जास्त हवी, तीच आपली जागा. तो बसायच्या आत आपण बसायचं. आणि अहो, हे पटावर! पटावर म्हणजे पटावर!"

"पटावर," हैबती म्हणाला. त्याने ते तीन वेळा घोकलं.

दुसऱ्या दिवशी गावात लग्न होतं. मांडवात गर्दी. वाजंत्री वाजत होती. नवरीच्या बापाने रांगोळी घातलेला पाट दाखवला. नवरदेव बाशिंग सांभाळत बसायला वाकला. त्याच्या डोळ्यांत हैबतीला स्पष्ट दिसलं, या माणसाला ही जागा फार हवी आहे.

हैबती सुळकन आत घुसला आणि पाटावर बसला.

नवरदेव वाकलेलाच राहिला. वाजंत्री थांबली. मुलीच्या मामाला कमी दिसायचं. त्याने पुढे होऊन हैबतीला कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला. पुढचं काही व्हायच्या आत ठकू बायकांमधून वाट काढत आली आणि नवऱ्याला दंडाला धरून मांडवाबाहेर घेऊन गेली.

"मी सांगितलं होतं ना, पटावर!"

"मग?" हैबती म्हणाला. "पाटावरच बसलो होतो."

ठकू रस्त्यातच खाली बसली. तिला हसूही येईना आणि रडूही येईना. मग तिने नारळ परत पाठवला.

सामन्याचा दिवस उजाडला. सगळं हिवरतळ बेटाकडे निघालं. वाटेत ठकू नवऱ्याच्या बरोबरीने चालत होती. तिला ऐन वेळी एक गोष्ट आठवली होती.

"अहो, ऐका. पहिली खेळी सटवाजीची आहे. तो मध्यावर कवडी ठेवणार, दर वर्षी ठेवतो. मध्य गेला की निम्मा खेळ गेला. पण नियम असा आहे की पहिली खेळी बघून दुसऱ्याला एकदा बाजू बदलता येते. आपल्या लोकांनी लाजेपोटी कधी मागितली नाही. तुम्ही मागा. खणखणीत म्हणा, मी बाजू बदलतो. मग त्याचं ते आपलं आणि आपलं ते त्याचं."

"सगळं?"

"सगळं. मागे वळून बघायचं नाही."

हैबती चालत राहिला. "त्याचं ते आपलं, आपलं ते त्याचं," तो पुटपुटत होता. ठकूने देवाला हात जोडले.

बेटाच्या सावलीत पट मांडला होता. त्याच्या दोन बाजूंना दोन घोंगड्या. एक हिवरतळची, एक बेलखोरीची. पंच म्हणून डोंगरावरच्या देवळातले म्हातारे गुरव आले होते. त्यांनी रीतीप्रमाणे नियम सांगितला. पूर्वी कुणी बाहेरगावचा खेळाडू आणला की भांडण व्हायचं. म्हणून जो ज्या घोंगडीवर बसून खेळेल, तो त्या गावाचा. बाहेरून कुणी शिकवायचं नाही.

सटवाजीने पहिली कवडी उचलली आणि पटाच्या बरोबर मध्यावर ठेवली. मिशीवरून हात फिरवला.

हैबतीने कवडीकडे बघितलं. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "मी बाजू बदलतो!"

हिवरतळच्या लोकांत कुजबुज झाली. पाटलांनी ठकूकडे कौतुकाने बघितलं.

"मुभा आहे," गुरव म्हणाले. "बदल."

हैबती उठला. पटाला वळसा घालून पलीकडे गेला. सटवाजीला म्हणाला, "सरका," आणि बेलखोरीच्या घोंगडीवर बसला.

हिवरतळची घोंगडी रिकामी पडली.

"गुरव," पाटील म्हणाले, "त्याला फक्त कवड्या बदलायच्या होत्या."

"तो बाजू म्हणाला," गुरव म्हणाले. "बदलली. आता हा बेलखोरीचा." मग ते सटवाजीकडे वळले. "तू असा मधेच उभा राहू नकोस. तिकडे बस."

सटवाजी हिवरतळच्या घोंगडीवर येऊन बसला. पुढ्यात चिंचोके. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. जिंकला तर त्याच्याच गावाचं बेट जाणार. हरला तर अकरा वर्षांचं नाव जाणार. त्याने गावाकडे बघितलं. मग नावाचा विचार केला. मग चिंचोका उचलला आणि असा ठेवला की ठकूला लगेच कळलं, हा जीव तोडून खेळणार.

पाटील हळूच ठकूजवळ सरकले. "म्हणजे आता सटवाजी आपला?"

"हो, पाटील."

"आणि आपण जिंकायला हैबती वाईट खेळायला हवा?"

"हो."

"मग काळजीच मिटली," पाटील म्हणाले. हिवरतळच्या लोकांनी अकरा वर्षांनी पहिल्यांदा पाय मोकळे केले. कुणी चंची सोडून पान लावायला घेतलं.

पण हैबती त्या दिवशी पटावर होता. ठकूने जे जे पटावर म्हणून सांगितलं होतं, ते ठेवायला त्याला पहिल्यांदाच खरी जागा मिळाली. मध्यावरची कवडी आता त्याचीच होती. सटवाजी काठाकडे धावला. हैबती त्याला भिडला नाही. चार डोळे पुढे जाऊन त्याने कवडी ठेवली, आणि सटवाजीची रांग तिच्यावर जाऊन आपटली. मग त्याने कवड्या अंतराअंतराने पेरल्या. प्रत्येक दोघींमध्ये दोन वाटा. सटवाजी एक बुजवायचा, हैबती दुसरी भरायचा.

ठकू खोकली. हैबतीने मान वर करून बघितलं. तिचे डोळे मोठे झाले होते. ती जोरजोरात नाही, नाही अशी मान हलवत होती. याचा अर्थ कडेला जाऊ नका, असं हैबतीने धरलं, आणि तो आणखी जपून खेळायला लागला.

उन्हं कलली. सटवाजीला घाम फुटला. त्याची नजर एका डोळ्यावर खिळली होती. तिथे चिंचोका पडला की सगळी रांग सांधली जाणार होती. पण पाळी हैबतीची होती. हैबतीने सटवाजीची नजर बघितली. ती कुठे जाते ते बघितलं. आणि तिथे कवडी ठेवली.

रांग काठापासून काठापर्यंत लागली.

गुरवांनी बोट फिरवून ती दोनदा तपासली. "बेट बेलखोरीचं," ते म्हणाले.

बेलखोरीच्या लोकांनी हैबतीला खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. हलगी वाजायला लागली. हिवरतळच्या बाजूला पाटील डोकं धरून बसले होते. हैबतीला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. ठकूने सांगितलेली एकही गोष्ट आज चुकली नव्हती. मिरवणूक ओढ्यात उतरली आणि पलीकडे बेलखोरीच्या वाटेला लागली.

ठकू काठापर्यंत धावत आली. "अहो, कुठे निघालात? घर इकडे आहे!"

हैबतीला मागे वळून बघायचं नव्हतं. तो बेलखोरीकडेच तोंड करून ओरडला, "ते आता सटवाजीचं! सगळं बदललं ना!"

सटवाजी अजून हिवरतळच्या घोंगडीवरच बसून होता. समोरच्या चिंचोक्यांवरून त्याची नजर हलत नव्हती. हैबतीला त्याची आठवण होऊन दया आली.

"ठकू," तो खांद्यावरून मोठ्याने म्हणाला, "त्याला आज लवकर जेवायला वाढ गं. हरून आलाय बिचारा."