सावरखोलची रिकामी टोपली

आमच्या सावरखोलात शेजाऱ्याच्या वानवळ्याची टोपली रिकामी परत करतात. हे ऐकून बाहेरची माणसं नाक मुरडतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. साऱ्या मुलखाची रीत अशी की कुणी आपल्या परसातली भाजी धाडली तर त्याची टोपली रिती पाठवू नये, निदान मूठभर तांदूळ किंवा गुळाचा खडा घालावा. आमच्याकडे उलट चालतं. टोपली आली की भाजी सुपात ओतायची आणि चुलीला हात लावायच्या आधी टोपली ज्याची त्याच्या घरात नेऊन द्यायची. तीही पुढच्या दारानं न्यायची नाही, परसातल्या गडग्याच्या फटीतून न्यायची. गडगा म्हणजे ही समोरची, नुसते चिरे एकावर एक रचून केलेली भिंत. दर दोन घरांमधल्या गडग्यात माणूस जाईल एवढी फट तुम्हाला दिसेल. तिला दार नाही. गुरं शिरतात, कोंबड्या वाफे उकरतात, तरी ती कुणी बुजवत नाही. दरवर्षी एखादा शहाणा पाहुणा मला सांगतो, आजोबा, इथे बांबूचं फाटक बसवा. मी हो हो म्हणतो.

आता विचारलंत म्हणून सांगतो. या गोष्टीत आमच्या घराची शोभा नाही. तरी ती सांगायची आमच्याच घराने, असा दंडक आहे.

फार मागे, माझ्या पणजीच्याही पणजीच्या काळात, या पलीकडच्या परसात रवळोजी नावाचा माणूस राहायचा. घरात तो, त्याची बायको येसू आणि पाळण्यातली पारू, एवढी तीनच माणसं. त्यांच्या घरात विकतचं काही नव्हतं असं सांगतात. वाली, पडवळ, दुधी, लाल माठ, मिरची, हळद, सगळं परसातलं. उंडीच्या बियांचं तेल काढून दिवा लावायचे. नारळाच्या सोडणाचा काथ्या कुजवून रवळोजी सुंभ वळायचा, आणि त्याने वळलेला दोर तुटला असं कुणी पाहिलं नाही. टोपल्या, रोवळ्या, पावसात डोक्यावर घ्यायची इरली तो विणायचा. येसू झावळ्यांच्या चटया विणायची, जुनेराच्या वाकळी शिवायची. मीठ तेवढं कुठून आणणार? तर म्हणे खाडीवर जाऊन खारं पाणी आटवून तेही तो स्वतःच आणायचा. नारळाची करवंटीसुद्धा त्या घरातून फुकट जात नसे. असा संसार पाहून कुणालाही कौतुक वाटेल, आणि वाटायचंही. पण त्यामागे एक घाव होता, आणि तो आमच्या घराने घातलेला.

रवळोजी लहान असताना त्याची आई, विधवा बाई, एकदा चार मिरच्या मागायला आमच्या दारात आली. आमच्या घरच्या त्या वेळच्या म्हातारीने मिरच्या दिल्या, पण चार बायकांदेखत म्हणाली, "ह्या बायेचा रोजचाच मागणा. हात पसरूक बरी येता!" आईच्या पदराला धरून उभ्या असलेल्या पोराने ते ऐकलं. बाई मिरच्या तिथेच ठेवून निघून गेली. बोलणारी विसरली, पोर काही विसरलं नाही.

मोठा झाला, लग्न झालं, तेव्हा रवळोजीने पावणाईच्या देवळात नारळ ठेवला आणि सगळ्या गावासमोर बोलला की, आजपासून माझ्या घरचं माणूस कुणाच्या दारात काही मागायला गेलं, तर आई, माझ्या पोटचं पोर तू ने. पुजारी म्हणाला, अरे, असलं बोलू नये. पण शब्द देवीपुढे पडला तो पडला. मग त्याने आमच्या आणि त्याच्या परसामधली वाट चिरे रचून बुजवली. कुणी काही दिलं तर तो घेत नसे. आमच्या लोकांनी एकदोनदा सणाचं म्हणून काही धाडलं, ते तसंच परत आलं. मग आम्हीही धाडणं सोडलं. कुणी आलं-गेलं नाही की गवत उगवायला वेळ लागत नाही.

पारू पाच महिन्यांची असतानाचा तो वैशाख. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि वाफे सुकायला लागले. दुसरा कुणी असता तर चार गडी बोलावून विहीर खोल करून घेतली असती. याला गडी बोलावणंही मागण्यासारखंच वाटलं. रवळोजी एकटाच खाली उतरून खणायचा आणि येसू वरून दोराने मातीची टोपली ओढायची. आमच्या या जमिनीत चिऱ्याचा थर संपला की खाली शेडी लागते. ही पांढरट माती सुकी असते तोवर ठीक, भिजली की लोण्यासारखी सरकते. त्या दिवशी सकाळीच पाण्याचा झरा फुटला. रवळोजी खूश होऊन वर पाहून हसला, म्हणे, आणि त्याच वेळी एका बाजूची शेडी खाली आली. तो कमरेपर्यंत गाडला गेला.

येसूने दोर टाकला, त्याने तो काखेखालून बांधला. तिने फणसाच्या बुंध्याला वेढा देऊन ओढलं. दोर तुटला नाही, तो तुटणाराच नव्हता. पण माणूसही हलला नाही. ती खाली उतरली, हातांनी माती काढू लागली, तर तिच्या पायाच्या धक्क्याने आणखी शेडी सुटली आणि त्याच्या छातीपर्यंत आली. त्याने तिला वर जायला सांगितलं. त्या घरात जगातली प्रत्येक वस्तू होती, आणखी चार हात तेवढे नव्हते.

"मी भिवजीक बोलावन हाडतंय," येसू म्हणाली. भिवजी म्हणजे आमचा पूर्वज, शेजारी.

"खय जातस?" खालून रवळोजी म्हणाला. "देवीक काय बोललंय, इसारलंस? पारूक सांभाळ. मी निघतंय आपसूक."

तुम्ही म्हणाल, नवऱ्याचा जीव जात असताना कसली देवी? पण तिच्या जागी उभं राहून बघा. एका बाजूला विहिरीत नवरा, दुसऱ्या बाजूला पाळण्यात पोर, आणि मध्ये तो शब्द. मागायला जावं तर पोर जाणार, न जावं तर नवरा. आमच्या गावातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ही गोष्ट ऐकून डोळे पुसलेत आणि 'मी असते तर' असं एकीच्याही तोंडून मी ऐकलेलं नाही.

मग येसूला एक गोष्ट सुचली. मदतीची हाक मारणं म्हणजेही मागणंच, पण बंदी मागायची होती, द्यायची नव्हती. तिने टोपलीभर वाली तोडल्या, धावत गडग्यापाशी आली आणि टोपली गडग्यावर ठेवून हाक दिली, "तुळसा, वाली ठेवलंय गो!" तुळसा म्हणजे भिवजीची बायको, माझ्या पणजीची पणजी. येसूचा हिशेब सरळ होता. वानवळा आला की टोपली परत करायला माणूस येतंच. माणूस गडगा ओलांडून आलं की त्याला आपोआप दिसेल. मग मागायला नको. ती परत विहिरीकडे धावली.

तुळसाने टोपली उचलली आणि ती बुचकळ्यात पडली. इतक्या वर्षांत या घरातून वानवळा आला नव्हता. परत काय द्यावं? "रिकामी टोपली कशी धाडूची? आणि भरून धाडली तर तो घेवचो नाय," असं ती सासूला म्हणाली. सासू म्हणाली, राहू दे, बघू मग. टोपली खुंटीला लागली. वालीत ओलं खोबरं घालून भाजी केली, आणि दुपारी आमच्या घरची माणसं ती जेवली. हेही सांगायचं, असा दंडक आहे.

येसूने वाट पाहिली. कुणी आलं नाही, तेव्हा तिने दुसरी टोपली आणून ठेवली. लाल माठ, दोन नारळ, वर हळदीची पानं. या वेळी तुळसाने तिचा चेहरा पाहिला होता. घामाने डबडबलेला, हात मातीने भरलेले. पण त्या घरची माणसं सदानकदा मातीतच असायची. "आज ह्यांच्या अंगात काय इला?" एवढंच ती म्हणाली. येसू क्षणभर तिच्याकडे बघत उभी राहिली. तुळसा काही विचारेल म्हणून ती थांबली होती, आणि ती काही बोलेल म्हणून तुळसा थांबली होती. तेवढ्यात पारू रडली आणि येसू गेली.

खाली रवळोजीचा आवाज बारीक होत चालला होता. येसूने घरात पाहिलं, आता द्यायला काय उरलं? आढ्याला बियाणाचा दुधी टांगलेला होता, वाळलेला, सुंभाची गाठ मारलेला. शेतकऱ्याच्या घरात उपाशी माणूसही त्या दुधीला हात लावत नाही. त्यात पुढचं वर्ष असतं. तिने तो उतरवला, टोपलीत ठेवला आणि गडग्यावर आणला. तिला वाटलं, हे पाहून तरी कुणीही धावत येईल.

तुळसाने दुधी पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. तिला वाटलं, हा टोमणा. मागून खाऊ नका, हे घ्या बियाणं, पेरा आणि खा, असं हे आपल्याला सुनावताहेत. "चार मिरच्यांचो सूड घेतत!" म्हणाली आणि दुधी टोपलीसकट कोपऱ्यात ढकलून दिला. ती वाईट नव्हती हो. आमच्या घराला आमचं बोलणं आठवत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

भिवजी दिवेलागणीच्या आधी शेतावरून आला. त्याने खुंटीवर एक टोपली पाहिली, ओट्यावर दुसरी, कोपऱ्यात तिसरी. मग दुधीवरची सुंभाची गाठ पाहिली.

"बियाचो दुधी खयसून इलो?"

तुळसाने सांगितलं.

"अगो, बियाचो दुधी कोण देता? घर मोडताना देतत!" असं म्हणत तो गडग्यावरून उडी मारून धावला. मागून वाडीतली आणखी माणसं धावली. दहा हातांनी तासाभरात माती उपसली. तासाभराचंच काम होतं. रवळोजीला वर काढला तेव्हा काखेखालचा दोर तसाच घट्ट होता आणि अंग गार पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाने गडग्याचे चिरे एकेक करून उपसले. कुणाला हात लावू दिला नाही. वाट मोकळी झाली तेव्हा तिन्ही टोपल्या घेऊन ती येसूच्या घरात गेली. टोपल्यांत काय घालावं, हा प्रश्न आता तिला पडला नाही. टोपल्या खाली ठेवल्या आणि सुचलं ते बोलली, "सगळी आसात मा?" काल जिथून प्रेत उठलं त्या घरात 'सगळी आहात ना' हा काय प्रश्न झाला? येसू म्हणाली, "दोघी आसंव."

त्यानंतर येसू आयुष्यभर तशीच राहिली. परस राखलं, चटया विणल्या, दोर वळायला शिकली. देवीला दिलेला शब्द पारूच्या डोक्यावर होता, म्हणून मागितलं कुणाकडेच काही नाही. जास्तीची भाजी मात्र ती आमच्या घरी द्यायची. तुळसा भाजी ओतायची, चूल पेटवायच्या आधी रिकामी टोपली घेऊन जायची आणि विचारायची. उत्तर तेच, "दोघी आसंव." टोपलीत काही घालून न्यावं असं तुळसाला रोज वाटायचं, पण परत येईल या भीतीने तिने कधी नेलं नाही. एवढं करून ठेवल्यावर तिच्या हातात करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. पुढे पारू लग्न होऊन गेली. मग उत्तर आलं, "एकटी आसंय." तेही कित्येक वर्षं.

एका दिवशी तुळसा टोपली घेऊन गेली तेव्हा उत्तर आलं नाही. येसू चटईवर पडलेली होती, तोंड सुकलेलं, पाण्याचा तांब्या हातभर दूर. तुळसाही तोवर म्हातारी झाली होती. तिने काही विचारलं नाही. तांब्या घेतला, येसूचं डोकं मांडीवर घेऊन पाणी तोंडाला लावलं, आणि येसू ते घटाघटा प्यायली. मग दोघी म्हाताऱ्या रडल्या, म्हणे. शब्द मागायचा नाही एवढाच होता. दिलेलं घ्यायचं नाही हा रवळोजीचा हट्ट होता, तो त्याच्याबरोबर गेला होता. येसू घेत नाही असं आम्हीच धरून बसलो होतो, तीस-बत्तीस वर्षं. तीन दिवसांनी येसू गेली.

आजही आमच्या गावात टोपली आधी परत जाते आणि भाजी मग शिजते. टोपली नेणारा 'काही हवं का' असं विचारत नाही. हवं का म्हटलं की माणूस नको म्हणतो, हे आम्हाला फार महागात कळलं. 'सगळी आसात मा' एवढंच विचारायचं आणि घरात शिरून आपल्या डोळ्यांनी बघायचं. माझं म्हणाल तर बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो. मागच्या आठवड्यात मी शेजारी पडवळं दिली. त्यांची सून टोपली घेऊन आली आणि तिने विचारलं. मी म्हटलं, "एकटो आसंय." ती सरळ माझ्या चुलीपाशी गेली, राखेत हात घातला. राख गार होती, आदल्या दिवसापासून. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तिने विचारलंच नव्हतं. चूल पेटवली, पेज ठेवली आणि ती शिजेपर्यंत तिथेच बसून राहिली.