चौकट हलली, गाव जेवलं

अमृतराव इनामदारांनी नव्या घराच्या करारावर सटवाजी गवंड्याचा अंगठा घेतला. त्यात एक कलम खाशी मेख मारून घातलं होतं: मालक सांगतील तो बदल फुकट करून द्यायचा, नाहीतर गवंड्याची बैलजोडी मालकाची.

पूर्वेला दाराची चौकट उभी राहिली. रिवाजाप्रमाणे पूजा झाली, मालकाच्या खर्चानं गाव पुरणपोळी जेवलं. दुसऱ्या दिवशी अमृतराव म्हणाले, “दार पश्चिमेला घे.”

सटवाजीनं निमूट चौकट हलवली. आठवड्यानं पुन्हा हुकूम, “नको, उत्तरेला!”

“जी सरकार,” म्हणत सटवाजीनं आधी गावात दवंडी दिली. दुपारी अख्खं गाव ताटं घेऊन हजर.

“हे काय?” अमृतराव गरजले.

“चौकट बसली की गावजेवण, सरकार! पश्चिमेचं राहिलंय, उत्तरेचं आता होईल. फुकट राबायचं मी कबूल केलंय, उपाशी राहायचं गावानं नाही!”

“आहे तिथंच राहू दे रे बाबा!” अमृतरावांनी हात जोडले.

पश्चिमेचं जेवण मात्र घालावंच लागलं. चौथी पोळी वाढून घेताना सोनाबाई सुतारीण मोठ्यानं म्हणाली, “काही म्हणा सरकार, उत्तर दिशा फार शुभ हो!”