रोचनेने गुळवेलीला दिलेले निमंत्रण

आधीच सांगतो, माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, शब्दही साधेच आहेत. पुराण सांगायला लागते ती भारदस्त भाषा मला येत नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. कथा मात्र मनापासून लिहिली आहे.

त्रेतायुग नुकते लागले होते. देव अजून पृथ्वीवर ये-जा करीत, आणि वनस्पतींना माणसाचे बोलणे कळत असे. त्या काळी गंधवती नदीच्या काठी महातपस्वी आर्ष्टिक ऋषींचा आश्रम होता. ऋषींच्या यज्ञाचा धूर जेवढा दूरवर दिसे, त्याहून दूरवर त्यांची पत्नी रोचना हिच्या चुलीचा वास जाई. कुणाला अडुळशाचे चाटण, कुणाला ज्येष्ठमधाचा काढा, कुणाला हळदीचा लेप. दारात आलेला कुणी तसाच परतला नाही. देवासुरांच्या युद्धात खांदा दुखावलेला एक मरुत एकदा तिच्याकडून निर्गुडीचा शेक घेऊन गेला. वज्राला न भिणारा तो वीर काढ्याची वाटी पाहताच तोंड फिरवून बसला होता, असे म्हणतात.

रोचनेची एक रीत होती. उद्या जी वनस्पती तोडायची, तिच्याकडे ती आदल्या दिवशीच जाई, चार अक्षता वाही आणि म्हणे, "उद्या सकाळी न्यायला येते गं. अमक्याला बरे वाटत नाही." मग दुसऱ्या दिवशी हवे तेवढेच खुडून आणी.

एका वर्षी पावसाळा सरता सरता आर्ष्टिकांना ताप भरला. सहा दिवस उतरेना. सातव्या दिवशी सकाळी रोचना दाराशी आली, तर उंबरठ्यावर साक्षात ज्वर बसलेला! रुद्राच्या क्रोधातून जन्मलेला, तीन मस्तकांचा, तीन पायांचा, अंगभर भस्म फासलेला.

"ऋषिपत्नी," तो म्हणाला, "उद्या सूर्यबिंब पुरते वर आले की मी तुझ्या पतीचे प्राण घेऊन निघेन. तोवर पाहुणा आहे. बसायला आसन तरी दे."

 रोचना धावत निंबाखाली गेली. त्या निंबावर जुनी गुळवेल चढली होती, तापावर तिच्यासारखे दुसरे औषध नाही. रोज हळुवार चालणारे तिचे हात त्या दिवशी घाईला आले होते. अक्षता नाहीत, शब्द नाही. दोन्ही हातांनी तिने वेल मुळासकट उपटली, ओढून खाली पाडली आणि हाताला आले ते कांड घेऊन घरी पळाली.

कांड ठेचले, पाणी चौथाई उरेपर्यंत उकळले, चव घेतली. काढ्याला चवच नव्हती. गुळवेल, आणि कडू नाही! तिने आणखी कांड आणले, पुन्हा ठेचले, पुन्हा उकळले. भांडे बदलले, चुलीतली लाकडे बदलली. पुन्हा नुसते पाणीच.

उंबरठ्यावर तिन्ही मस्तके एकदम हसली. "अगं, पाणी आटवून कुणाचा ताप उतरला आहे?"

"तू गप्प बस!" रोचना ओरडली. आतून ऋषींचा क्षीण आवाज आला, "रोचने, जरा टेक ना गं माझ्यापाशी." पण तिला कुठले टेकवते? संतापाने तिने ओंजळीत पाणी घेतले आणि निंबाखाली जाऊन वेलीला शाप द्यायला हात उचलला.

पश्चिमेकडे दिवसाचा फिकट चंद्र मावळायला टेकला होता. त्यातून ओषधींचा राजा सोम खाली उतरला आणि त्याने तिचा हात धरला.

"थांब, माते. कोणत्या अपराधासाठी शाप देतेस?"

"ओषधिनाथा, आजवर हिने परक्यांना बरे केले. माझ्याच घरी हिने पाठ फिरवली!"

"परक्यांसाठी तू मागून नेलेस. आपल्या माणसासाठी मात्र लुटून नेलेस."

"घराला आग लागल्यावर विहिरीला विचारून कुणी पाणी काढतो का?"

"नाही काढत," सोम शांतपणे म्हणाला. "पण विहीर बुजवूनही कुणी जात नाही. तू मूळच उपटलेस. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी ताप आला, तर त्याने कुठे जावे?"

रोचनेच्या ओंजळीतले पाणी गळून गेले. तिने जमिनीवर पडलेली वेल उचलली, धूळ पुसली आणि निंबाच्या फांदीवर हलकेच टाकली. मूळ तुटून गेले होते, माती नव्हती. घरातून अक्षता आणून तिने वाहिल्या. "चुकले गं मी. उद्या सकाळी येते. तुला यावेसे वाटले तरच ये."

आता वाट पाहायची होती, आणि तेच तिला सर्वांत जड होते. उठावे, दाराशी जावे, परत यावे. कपाळावरची पट्टी ओली असतानाच पुन्हा भिजवावी. ज्वर बोटांवर प्रहर मोजत होता. अखेर ती पतीच्या उशाशी बसली, आणि त्यांचा तापलेला हात तिने झुंजूमुंजू होईपर्यंत सोडला नाही.

पहाटे ती निंबाखाली गेली. वेलीच्या तुटक्या टोकातून दोऱ्याएवढे बारीक मूळ फुटले होते आणि अधांतरी लोंबत मातीकडे निघाले होते. पूर्व उजळत होती. सगळी वेल ओढून न्यावी असे मन म्हणत होते. रोचनेने वरच्या अंगाचे बोटभर कांड तोडले. फक्त बोटभर.

त्या बोटभर कांडाचा काढा असा कडू झाला की पहिल्या घोटालाच आर्ष्टिकांनी डोळे उघडले आणि ते म्हणाले, "रोचने, हे काय पाजतेस?" सूर्यबिंब पुरते वर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि उंबरठा रिकामा होता.

सोमाने वेलीला वर दिला, "तुला तोडले तरी तू वाढशील, मातीपासून तुटलीस तरी वरून मुळे सोडून मातीला भेटशील." म्हणून गुळवेलीला छिन्नरुहा म्हणतात. आणि माणसांना त्याने शापही दिला, वरही दिला. जो ओरबाडून नेईल, त्याच्या हाती पाणी उरेल. जो आदल्या दिवशी सांगून नेईल, त्याला बोटभर पुरेल. तेव्हापासून जाणते लोक औषधी आणण्याआधी तिला निमंत्रण देतात.

ही कथा लिहून झाली त्या दिवशी आमच्या वहिनीला थोडी कसकस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुळवेल आणतो म्हणून ओढ्याकाठच्या निंबाकडे गेलो. कुणी बघत नाही ना, ते पाहिले. चार तांदूळ वाहिले, वहिनीचे नाव सांगितले आणि रिकाम्या हाताने परत आलो.

"काय हो भाऊजी, गुळवेल कुठे आहे?" वहिनीने विचारले.

"उद्या," मी म्हटले.