दोन पुसलेली यंत्रे

एकदा एका शिष्याने आपल्या मुलीच्या आधी एका यंत्राचे नाव ठेवले. यंत्राचे नाव सर्जा. मुलगी तिकडे आजोळी दोन महिन्यांची होत आली, तरी तिचे बारसे व्हायचे होते. बापाने दोनदा तारीख ठरवली होती आणि दोन्ही वेळा ऐन निघताना सर्जा अडला होता.

हा शिष्य एका वृद्ध संगणकतज्ज्ञाकडे काम शिकत होता. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्याकडे शालेय साहित्याचा एक घाऊक व्यापारी येई. त्याची वह्या-दप्तरांची विक्री संकेतस्थळावरून चाले. पूर्वी हे दुकान एका मोठ्या सर्व्हरमधल्या, म्हणजे संकेतस्थळे चालवणाऱ्या संगणकातल्या, लहानशा वाट्यावर होते. त्याच यंत्रात आणखी कितीतरी जणांची बिऱ्हाडे. शेजाऱ्याकडे गर्दी उसळली की याचे दुकान रेंगाळे. जूनमध्ये, ऐन शाळा उघडताना, गिऱ्हाईक वाट पाहून निघून जाई. म्हणून गुरुजींनी त्याला अख्खे यंत्र भाड्याने घ्यायला लावले. दूरच्या एका इमारतीत अशी यंत्रे रांगेने उभी असतात. मागणी नोंदवली की माणसाचा हात न लागता त्यांतले एक मोकळे निवडले जाते, सांगाल ती प्रणाली त्यावर चढते, आणि चहा होईतो ते तुमच्या हवाली होते. त्यात दुसरे बिऱ्हाड नाही. नको झाले की परत करावे. ते पुसून कोरे होते आणि पुढच्याकडे जाते.

व्यापाऱ्याचे असे यंत्र म्हणजेच सर्जा. तो आला त्याला वर्ष झाले होते. शिष्याने त्याला कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, पण खंडेनवमीला आपल्या संगणकाच्या पडद्याला झेंडूचे फूल वाहिले ते त्याच्याच नावाने. सर्जा अडला की शिष्य जेवणावरून उठे, काहीतरी दुरुस्त करी, आणि पुन्हा पानावर बसे तोवर भात गार झालेला असे. "माझ्या हाताची सवय आहे त्याला," असे तो म्हणे. म्हणताना त्याचे डोळे ओढलेले असत, आणि आवाजात किंचित अभिमानही असे.

चैत्रातल्या एका रविवारी गुरुजींनी व्यापाऱ्याला बोलावून सांगितले, "आज संध्याकाळपर्यंत दुकान बंद राहील."

"बंद? गुरुजी, धंदा मंदा आहे म्हणून काय कुलूपच लावायचं?"

"मंदा आहे तोवरच लावायचं."

गिऱ्हाइकांच्या मागण्या आणि हिशेब वेगळ्या ठिकाणी सुखरूप साठवलेले आहेत, हे त्यांनी स्वतः उघडून पाहिले. मग शिष्याच्या देखत त्यांनी सर्जा परत करून टाकला.

शिष्य ताडकन उठला. "गुरुजी, चालतं यंत्र होतं ते! वर्षभर खपलोय मी त्याच्यापायी!"

"ठाऊक आहे. आता नवीन मागव."

नवे यंत्र आले, कोरे करकरीत. दुकान कसे मांडायचे याच्या आज्ञा गुरुजींनी पहिल्याच दिवशी लिहवून घेतल्या होत्या. त्या यंत्राला दिल्या. दुकान उघडले, पण वर्षापूर्वीचे! बिलावर कर चुकीचा, आणि पैसे भरायच्या पायरीवर सगळे ठप्प. वर्षभरातल्या साऱ्या दुरुस्त्या शिष्याने थेट सर्जावर केल्या होत्या. आज्ञांत त्यांतली एकही उतरली नव्हती. सर्जाबरोबर त्याही पुसल्या गेल्या. तो एकेक आठवू लागला, आणि सवयीने पुन्हा यंत्रालाच हात घालू लागला.

"यंत्रावर नको," गुरुजी म्हणत, "आज्ञांत लिही."

दुपार कलली. शिष्याची पाठ धरली. अखेर सारे सुरळीत झाले, व्यापाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि गुरुजींनी तेही यंत्र परत केले.

व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "अहो, हा काय पोरखेळ! आत्ता कुठं मार्गी लागलं होतं!"

"पुन्हा मागव," गुरुजी शिष्याला म्हणाले. "आणि या खेपेला हात मांडीवर ठेव."

शिष्य हात मांडीवर ठेवून बसला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. एके ठिकाणी ओळी क्षणभर थांबल्या, तशी त्याची बोटे शिवशिवली. पण त्या आपल्या आपण पुढे सरकल्या. दुकान उघडले. कर बरोबर होता, पैसेही भरले जात होते. या तिसऱ्या यंत्राला त्याचे बोटही लागले नव्हते.

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो हळूच म्हणाला, "मग आता माझी गरज काय, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा पुसला. तेही दमलेले दिसत होते.

"याच प्रश्नाला तू वर्षभर भीत होतास. दुरुस्त्या लिहून ठेवायला वेळ नव्हता असं नाही. लिहिल्या असत्यास, तर त्या तुझ्या एकट्याच्या राहिल्या नसत्या. अरे, भाड्याचं यंत्र ते. आज आपल्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. जपायचं ते दुकान पुन्हा उभं करण्याचं ज्ञान, आणि ते तुझ्या डोक्याबाहेर आलं तरच टिकेल. बाळ, काम माणसाला इतकं दमवत नाही. माझ्यावाचून अडतं, हे रोज उठून खरं करून दाखवावं लागतं ना, त्यानं माणूस झिजतो. मला तुझी गरज आहे. नवी अडचण येईल तेव्हा ती सोडवायला. पण ती आज नाही. जा, बारसं करून ये."

"आणि मध्येच अडलं तर?" व्यापाऱ्याने विचारले.

"तर आज्ञा वाचीन. मला वाचता येतं अजून."

संध्याकाळच्या एसटीने शिष्य सासुरवाडीला निघाला. फोन त्याने हातातच धरला होता. तालुक्याचे गाव गेले, घाट उतरला, फोन वाजला नाही. त्याला हलके वाटले. आणि मग, वाजलाच नाही म्हणून थोडे वाईटही वाटले. त्या वाईट वाटण्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. ते त्याला नवे नव्हते. फक्त आजवर त्याने त्याला कर्तव्य म्हटले होते. त्याने फोन पिशवीत तळाशी ठेवला, खिडकीला डोके टेकले, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला बसल्या जागी झोप लागली.

आपल्यावाचून अडू नये अशी व्यवस्था जो लावतो, त्यालाच वेळेवर घरी जाता येते.